लांब केसांचें मांजर आणि वैशाखांतील कातर

पाळीव जनावराच्या अंगावरील केस हे आपल्या मालकीचे आहेत, असें मनुष्य फार प्राचीन काळापासून समजत आला आहे. धनगर आपल्या मेंढ्या वर्षांतून दोनदां कातरतो. त्या लोकरीचें घोंगडें होतें, आणि तें पांघरून झोंपणारा कोणी मेंढीची आठवण काढीत नाहीं. आपल्याकडे म्हशीही भादरतात. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुराकडे म्हशी भादरून, शिंगें रंगवून, गळ्यांत घुंगुरमाळा घालून मिरवितात. तो सोहळा ज्यानें पाहिला असेल त्याला त्या काळ्या तुळतुळीत पाठीचें तेज म्हशीच्या धन्याच्या मुद्रेवरही कसें चढलेलें असतें हें सांगावयास नको. बिकानेरकडील लोक उंटाच्या अंगावरील केस कातरून त्यांतच वेलबुट्टी काढतात. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत शिकारीचे घोडे भादरण्याची चाल पडली, आणि फ्रान्सांत पूडल जातीच्या कुत्र्याला अर्धा भादरून व अर्धा तसाच ठेवून त्यास सिंहाचें सोंग देण्याची आवड तर त्याहूनही जुनी आहे.

या सर्व यादींत मांजराचें नांव कोठें आढळत नाहीं. याचें एक कारण उघडच आहे: दुसऱ्याच्या हातून आपलें कांहीं करून घेण्यास हें जनावर सहसा राजी नसतें. परंतु खरें कारण असें कीं, तशी गरजच नव्हती. आपल्या चुलीजवळ येऊन बसणारें, उंदीर मारणारें, दुधावर डोळा ठेवणारें जें साधें मांजर, त्याची लव आंखूड असते आणि तिची निगा तें स्वतःच्या जिभेनें इतकी उत्तम राखतें कीं, मनुष्यानें त्यांत हात घालणें म्हणजे केवळ लुडबुड होय.

आतां मात्र पुण्यामुंबईच्या आणि नागपुराच्या घरांतून वीतभर केसांचीं, चपट्या नाकाचीं, गालिच्यावर गोळा होऊन पडणारीं 'पर्शियन' मांजरें दिसूं लागलीं आहेत. चैत्र सरून वैशाख लागला, भिंती रात्रींही तापलेल्या राहूं लागल्या, कीं घरीं येणारा प्रत्येक पाहुणा त्या मांजराकडे पाहून एकच उपाय सुचवितो: ‘‘अहो, भादरून टाका तें! बिचारें किती उकडत असेल!’’ या सल्ल्यांत दया आहे यांत शंका नाहीं. तथापि कातर हातांत घेण्यापूर्वीं हे केस आले कोठून, आणि ते इतके वाढविले कोणी, हें ठाऊक असलेलें बरें, असें आमचें मत झालें आहे. तें मत कसें झालें हें पुढें सांगूं. आरंभ आम्ही एका रोमन प्रवाशापासून करतों.

पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोम शहरांतील एका खानदानी घराण्यांतला पुरुष. त्याचा जन्म १५८६ सालचा. प्रेमांत निराशा झाली म्हणून तो १६१४ सालीं व्हेनिसहून जहाजांत बसला आणि बारा वर्षें पूर्वेकडील देश पाहात हिंडला. बगदाद येथें त्यानें मानी नांवाच्या एका ख्रिस्ती तरुणीशीं विवाह केला, व तिच्यासह तो शहा अब्बासच्या इराणांत गेला. इस्फहानहून तो आपल्या मित्रास लांबलचक पत्रें लिहीत असे. त्यांपैकीं १६२० सालच्या एका पत्रांत तो इराणांतील एका विशेष जातीच्या मांजरांचें वर्णन करतो. हीं मांजरें मूळचीं खोरासान प्रांतांतलीं, असें तो सांगतो. आकारानें तीं इतर मांजरांसारखींच. सौंदर्य सारें रंगांत आणि केसांत. रंग राखी, कोठें ठिपका नाहीं कीं पट्टा नाहीं, पाठीवर थोडा गडद आणि छातीपोटावर फिकट. केस रेशमासारखे मऊ, झळझळीत आणि इतके लांब कीं त्यांना, विशेषतः गळ्याखालीं, आपोआप वळणें पडलेलीं. शेंपटी तर त्याला सर्वांत अधिक आवडली. तिच्यावरचे केस पांच-सहा बोटें लांब असून तें मांजर ती खारीप्रमाणें पाठीवर उलटी टाकून चालतें, असें त्यानें लिहिलें आहे. अशा मांजरांच्या चार जोड्या आपण इटलीस नेणार असल्याचेंही त्यानें त्याच पत्रांत कळविलें आहे.

या पत्रांतील एक लहानसें वाक्य आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. पोर्तुगीजांनीं हीं मांजरें इराणांतून हिंदुस्थानांत नेलीं आहेत, असें तो सहज सांगून जातो. त्या काळीं इराणच्या आखाताच्या तोंडाशीं असलेलें होर्मुझ बेट पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. १६२२ सालीं तें त्यांच्या हातून गेलें. होर्मुझ आणि गोवें यांच्यामध्यें घोडे, मोतीं, रेशीम यांची ने-आण शंभर वर्षें चाललेली होती. त्याच वाटेनें, घोड्यांच्या मागोमाग, हें केसाळ मांजरही पश्चिम किनाऱ्यास उतरलें असलें पाहिजे. तेव्हां लांब केसांचें मांजर हें आपल्याकडे काल-परवां आलेलें विलायती खूळ आहे, ही समजूत खरी नव्हे. ज्या पिढींत शहाजीराजे निजामशाहींत उदयास येत होते त्या पिढींत गोव्याच्या पोर्तुगीज वाड्यांतून अशीं मांजरें खिडकींत बसलेलीं असण्याचा पुष्कळ संभव आहे. आणि गोव्यांतला वैशाख तेव्हांही असाच घामट असणार.

देल्ला व्हाल्ले स्वतः १६२३ सालीं सुरतेस उतरला. खंबायत, अहमदाबाद हीं शहरें पाहून तो गोव्यास आला. तेथून पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या व्यंकटप्पा नायकाच्या दरबारींही गेला, आणि १६२४ च्या अखेरीस गोव्याहून परतला. पण हा सारा प्रवास त्यानें एका शवपेटीसह केला. त्याची पत्नी १६२१ च्या डिसेंबरांत इराणच्या दक्षिण किनाऱ्याजवळ मिनाब येथें वारली. तिचें शरीर त्यानें औषधी द्रव्यें घालून जतन करविलें, तें सामानांत लपवून जहाजावर चढविलें, हिंदुस्थानभर जवळ बाळगिलें आणि १६२७ सालीं रोम येथील आराचेली चर्चांत आपल्या घराण्याच्या जागेंत पुरलें. मांजराच्या निबंधांत हें कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्याच्या डोळ्यांनीं आपण हें मांजर प्रथम पाहतों तो माणूस सुंदर वस्तूवर कसा जीव लावीत असे, हें ठाऊक झालें म्हणजे शेंपटीच्या केसांचीं बोटें मोजणारें त्याचें तें वर्णन निराळेंच वाटूं लागतें.

देल्ला व्हाल्लेच्याच काळांत फ्रान्सच्या दक्षिणेस एक्स शहरीं पेरेस्क नांवाचा एक विद्वान संग्राहक राहात असे. जुनीं नाणीं, हस्तलिखितें, ताऱ्यांचीं निरीक्षणें, परदेशचीं झाडें, या सर्वांचा त्याला नाद होता. त्यानें पूर्वेकडून लांब केसांचीं मांजरें आणविलीं आणि त्यांचीं पिलें तो स्नेह्यांना भेटीदाखल देई. एखादें दुर्मिळ हस्तलिखित मिळवावयाचें असलें तर पिलाची भेट फार उपयोगी पडत असे म्हणतात. या मांजरांना पुढें 'अंगोरा' हें नांव पडलें. अंगोरा म्हणजे आजचें अंकारा, तुर्कस्तानची राजधानी. तेथील शेळीचे केस लांब व रेशमी असतात. सशाचे तसेच, आणि मांजराचेही तसेच. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ यानें १७५६ सालीं मांजरावर लिहितांना या योगायोगाकडे लक्ष वेधून हा सर्व हवामानाचा परिणाम ठरविला.

हें अनुमान दिसावयास मोठें गोंडस आहे; आणि आजही ‘‘थंड देशचें जनावर तें, आपल्याकडे त्याला कसें सोसेल?’’ असें जो म्हणतो तो नकळत बुफाँचाच शिष्य असतो. पण हवेनें केस लांब होत असते तर अंकाऱ्याचीं सर्वच मांजरें केसाळ झालीं असतीं, आणि मुंबईस जन्मलेल्या पिलाचे केस दोन-चार पिढ्यांत आंखूड होऊन गेले असते. तसें होत नाहीं. केसाची वाढ एका ठरलेल्या लांबीवर थांबविणारें एक गुणसूत्रीय बीज सर्व मांजरांच्या अंगीं असतें. त्यांत बिघाड झाला कीं केस थांबावयाचा तेथें न थांबतां वाढत राहतो. या बीजांतील असे बिघाड २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं हुडकून काढले. तो गुण आईकडून व बापाकडून, दोहोंकडून आला तरच प्रकट होतो. एकाकडून आल्यास लपून राहतो. म्हणूनच दोन साध्या, आंखूड केसांच्या मांजरांच्या पोटीं मधूनच एखादें केसाळ पिलूं निपजतें आणि आळींतल्या बायका बोक्याच्या चारित्र्याविषयीं नसत्या शंका काढतात. हवामानाचें काम एवढेंच कीं, उंच पठारावरील कडक हिंवाळ्यांत अशा पिलाचा निभाव अधिक चांगला लागला असावा. बाकीचें काम मनुष्याच्या आवडीचें.

मनुष्याच्या आवडीची साक्ष आपल्याला आपल्याच एका जुन्या राज्यकर्त्याच्या ग्रंथांत मिळते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर म्हणून ज्याचें नांव महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०९ सालीं इंग्रजांचा वकील म्हणून पेशावरास गेला होता. त्या देशाची हकीकत त्यानें १८१५ सालीं प्रसिद्ध केली. तींत तो सांगतो कीं, अफगाण मुलुखांतून 'बुराक' नांवाचीं लांब केसांचीं मांजरें फार मोठ्या संख्येनें बाहेर विकावयास जातात. सगळीकडे त्यांना 'पर्शियन' म्हणतात, पण ज्या देशाचें नांव त्यांना चिकटलें आहे त्या देशांत तीं फारशीं नाहींत आणि तेथून तीं बाहेरही जात नाहींत! देल्ला व्हाल्लेचें खोरासान आणि एल्फिन्स्टनचें काबूल यांची सीमा एकमेकींस लागून आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोघांचेंही म्हणणें जुळतें. काबुली काफिले घोडे, हिंग आणि सुका मेवा यांबरोबर हीं मांजरें हिंदुस्थानांत आणीत. त्याच काळांतील एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या टिपणावरून असेंही दिसतें कीं, काबूलचे लोक केस चांगले वाढावे म्हणून या मांजरांना साबणानें धूत आणि फणीनें विंचरीत.

या शेवटल्या वाक्यापाशीं आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. फणी! मांजराच्या इतिहासांत ही वस्तु नवी आहे. जें जनावर स्वतःची वेणीफणी स्वतः करी त्याच्यासाठीं दुसऱ्या कोणाला फणी हातांत घ्यावी लागली, तेव्हांच एक करार झाला असें समजावें. केस वाढवावयाचे मनुष्यानें, आणि त्यांची काळजीही त्यानेंच वाहावयाची. काबूलच्या व्यापाऱ्यानें करार पाळला, कारण विंचरलेल्या मांजराला किंमत अधिक येई. पुढें विलायतेंत या कराराचें काय झालें तें पाहूं.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १३ जुलै १८७१ रोजीं हॅरिसन वीअर या चित्रकारानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें. आधुनिक मांजर-प्रदर्शनांचा आरंभ येथून धरतात. वीअरचा हेतु फार चांगला होता. गरीब घरच्या मांजराकडेही लोकांनीं आदरानें पाहावें, त्याला लाथ मारूं नये, असें त्याला वाटे. परंतु प्रदर्शन म्हटलें कीं बक्षीस आलें, बक्षीस आलें कीं माप आलें, आणि माप आलें कीं तें दरवर्षीं थोडें थोडें पुढें सरकतें. केस लांब तर बक्षीस; मग अधिक लांब तर अधिक मोठें बक्षीस. डोकें वाटोळें, मग अधिक वाटोळें. नाक आंखूड, मग त्याहून आंखूड. अंगोरा आणि पर्शियन यांची सरमिसळ होऊन जुनी अंगोरा विलायतेंत जवळजवळ नाहींशीच झाली. २००८ सालीं निरनिराळ्या जातींच्या मांजरांच्या रक्ताची तुलना करून पाहिली तेव्हां आजची पर्शियन ही इराणकडील मांजरांपेक्षां पश्चिम युरोपांतल्या मांजरांनाच जवळची निघाली. म्हणजे नांव इराणचें, कीर्ति काबूलची आणि रक्त विलायतेचें! पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास आलेल्या त्या राखी मांजराचें आणि आजच्या दुकानांतील पिलाचें नातें मुख्यतः केसांपुरतेंच राहिलें आहे.

या शंभर-दीडशें वर्षांच्या शर्यतींत मांजराचें काय गेलें, याची मोजदाद अमेरिकेंत झाली. मांजराची जीभ खरखरीत असते हें सर्वांस ठाऊक आहे. तिच्यावरचे कांटे टोंकाशीं पोकळ, पळीसारखे असतात आणि ते लाळ उचलून केसांच्या मुळापर्यंत पोंचवितात, हें जॉर्जिया टेक या संस्थेंतील नोएल आणि हू या संशोधकांनीं २०१८ सालीं दाखवून दिलें. मांजराला घाम येतो तो केवळ पायांच्या तळव्यांना. बाकीचें अंग थंड ठेवण्यास त्याच्यापाशीं जे थोडे उपाय आहेत त्यांत ही लाळ एक मोठा उपाय आहे. ती वाळते आणि तिच्याबरोबर उष्णता जाते. सिंहापासून घरच्या मांजरापर्यंत अनेक जातींच्या लवेची खोली व जिभेच्या कांट्यांची लांबी ताडून पाहिली, तेव्हां बहुतेकांची जीभ कातडीपर्यंत पोंचते असें दिसलें. अपवाद निघाला तो पर्शियनचा. तिची जीभ तिच्या स्वतःच्या कातडीपर्यंत पोंचत नाहीं. बक्षिसाच्या नादानें केस जिभेच्या पलीकडे गेले, आणि जिभेचें काम मनुष्याच्या गळ्यांत पडलें. शिवाय नाक इतकें चपटें करून ठेवलें आहे कीं धापा टाकून उष्णता बाहेर घालविणेंही तिला इतर मांजरांइतकें साधत नाहीं. हें सर्व ध्यानांत घेतलें म्हणजे ‘‘थंड देशचें जनावर’’ या शब्दांनीं आपण आपला दोष हवामानावर ढकलीत असतों हें उघड होतें.

आतां कातरीकडे वळूं. तिचाही इतिहास आहे, पण मांजरापुरता तो थोडका आहे. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें सेन नदीवरील पाँ-नफ पुलाच्या आसपास कुत्रे भादरणारे लोक आपली पेटी मांडून बसत. त्यांच्या पाट्यांवर कुत्रे भादरण्याबरोबर मांजरें 'कापण्याचा'ही उल्लेख असे. परंतु त्या कापण्याचा केसांशीं कांहीं संबंध नव्हता, बोक्याला खच्ची करणें असा त्याचा अर्थ होता. कुत्र्याला हजामत आणि बोक्याला शस्त्रक्रिया, अशी ती वांटणी. मेंढ्या कातरण्याचें यंत्र ऑस्ट्रेलियांत वुल्झली यानें सिद्ध केलें आणि १८८८ सालीं डन्लॉप येथील मेंढवाड्यांत सबंध कळप प्रथमच यंत्रानें कातरला गेला. अमेरिकेंत लिओ वाल यानें १९१९ सालीं विजेच्या यंत्राच्या पेटंटासाठीं अर्ज केला. हें हातांत मावणारें यंत्र आधीं न्हाव्याच्या दुकानांत आलें, आणि पुढें अशाच यंत्रांनीं जनावरांचे केस घरोघर उतरूं लागले. मांजर भादरण्याची कल्पना या सोयीनंतरची आहे. यंत्र हातीं आलें म्हणजे त्याला कांहीं तरी काम दाखवावें असें मनुष्यास वाटतेंच.

मांजर भादरल्यानें काय होतें याचा एक प्रयोग मात्र शास्त्राच्या इतिहासांत फार प्रसिद्ध आहे. रशियांतील इल्यिन नांवाच्या संशोधकद्वयानें १९३० सालीं सयामी मांजरांवर तो प्रसिद्ध केला. सयामी मांजराचें अंग फिकट आणि कान, तोंड, पाय, शेंपूट हीं टोंकें काळसर असतात. अंगाचा कांहीं भाग भादरून तो थंडीस उघडा ठेवला तर तेथें उगवणारे नवे केस काळे येतात, आणि ऊब मिळाली तर फिकट येतात, असें त्यांना आढळलें. रंग बनविणारें द्रव्य या जातींत उष्णतेला भितें, हें त्याचें कारण. पुढें हाच रंग लांब केसांच्या मांजरांत उतरविण्याचे प्रयत्न अमेरिकेंत हार्वर्ड येथें कीलर आणि कॉब यांनीं केले आणि त्या वंशाला 'हिमालयन' म्हणूं लागले. हें नांव ऐकून आपल्या हिमालयाचा अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. तें त्याच रंगाच्या सशावरून आलें आहे. सांगावयाचें तात्पर्य, असें मांजर उन्हाळ्यांत भादरलें आणि घरांत गारवा देणारें यंत्र चालू असलें, तर पाठीवर काळा डाग घेऊनच तें पावसाळ्यांत प्रवेश करील. रोग नव्हे, पण घरच्यांचा जीव घाबरा होतो खरा.

आमच्या घरचें मांजर पांढरें होतें, म्हणून हें भय नव्हतें. ती एका स्नेह्यांनीं बदली होतांना आमच्याकडे सोंपविलेली मांजरी. वयानें प्रौढ, स्वभावानें मानी. हिंवाळ्यांत आम्हीं तिला विंचरण्याचा कंटाळा केला. वैशाखांत काखेखालीं आणि मांड्यांच्या आंतल्या अंगास केसांच्या जटा घट्ट बसल्या, ती चालतांना पाय फेंकूं लागली, आणि सकाळपासून न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पसरून राहूं लागली. एका दुपारीं आम्हीं घरची शिवणाची कातर घेतली. जट बोटांत धरून ओढली, तिच्या बुडाशीं कातर घातली आणि दाबली. मांजराची कातडी किती पातळ असते आणि ती मांसापासून किती सैल असते हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. जट ओढली कीं तिच्याबरोबर कातडी तंबूसारखी वर येते. कातरींत काय सांपडलें हें केसांमुळें दिसत नाहीं. मांजरी ओरडली नाहीं. ती फक्त आमच्याकडे पाहून हातांतून निसटली आणि कपाटाखालीं जाऊन बसली. फरशीवर रक्ताचे थेंब दिसले तेव्हां आम्हांस कळलें. पशुवैद्यांनीं तीन टांके घातले आणि आम्हांस एका शब्दानेंही बोलले नाहींत, याची लाज अजून वाटते.

तेव्हांपासून जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों. पाठीवरचे आणि कुशींवरचे केस सरसकट उतरूं नयेत. तो भार दिसतो खरा, पण मोकळा, विंचरलेला केस उन्हाची आंच कातडीपर्यंत पोंचूं देत नाहीं. तुळतुळीत पांढरी पाठ उन्हांत भाजून निघते, आणि पांढऱ्या मांजराच्या कानांना तर उन्हानें कर्करोग होतो हें पशुवैद्यकांत पक्कें ठरलेलें आहे. उकाडा होतो तो लांब केसानें नव्हे, तर गळून आंतच अडकलेल्या बारीक लोकरीनें व जटांनीं. ती लोकर मांजर वसंतांत टाकूं लागतें, दिवस मोठा होऊं लागला कीं; पण जीभ पोंचत नसल्यामुळें ती जाग्यावरच थिजून राहते. म्हणून मुख्य काम फणीचें. आधीं विरळ दातांची, मग दाट दातांची. रोज थोडा वेळ. टोंकापासून आरंभ करून मुळाकडे. जट असलेलें मांजर धुऊं नये, पाण्यानें जट अधिक आवळते. जटेंत मक्याच्या पिठाची चिमूट घालून बोटांनीं ती उकलून पाहावी. उकलत नसेल तर फणी जटेच्या व कातडीच्या मध्यें सरकवावी आणि फणीच्या वरच्या अंगासच कातर चालवावी. लोखंड आणि कातडी यांच्यामध्यें फणीची भिंत असावी. फणी खालीं जातच नसेल तर तें काम आपलें नव्हे, पशुवैद्याकडे जावें.

घरीं कातरावयाचे ते पोटावरचे, मागल्या मांड्यांचे, शेंपटीच्या बुडाखालचे आणि पंजांच्या बोटांमधले केस. तेही गोल टोंकाच्या कातरीनें, निदान बोटाच्या रुंदीएवढे ठेवून. पोट मोकळें झालें कीं मांजर थंड फरशीला अंग लावून आपली उष्णता स्वतःच देऊन टाकतें; पाहुण्यांची भादरण्याची हौस यापुढें फिकी आहे. विजेचें यंत्र वापरणें झालें तर पातें मधून मधून हाताला लावून पाहावें; तें तापतें, आणि केसाळ जनावराला चटका बसल्याचें दुसऱ्या दिवशीं दिसतें. वेळ सकाळची घ्यावी. एका बैठकींत सर्व उरकण्याचा अट्टाहास नको. मांजर उठलें कीं काम संपलें असें समजावें, आणि उरलेलें उद्यां. मांजर तोंड उघडून धापा टाकूं लागलें तर फणी, कातर सर्व टाकून त्याला गार जागीं न्यावें, पंजे व पोट पाण्यानें ओलें करावें आणि वैद्यास गांठावें. कुत्र्याचें धापणें नेहमींचें, मांजराचें नव्हे.

आमच्या मांजरीच्या काखेंतले केस टांक्यांच्या जागीं यावयास आश्विन उजाडला. ती आतां फणी पाहून पळत नाहीं, परंतु शिवणाच्या पेटीचें झांकण वाजलें कीं कपाटाखालीं जाते. घरांत कोणाला बटण लावावयाचें असलें तर तो पेटी घेऊन गच्चीवर जातो.